गुलाबी म्हशीवरची पांढरी चादर

अन्याय माझ्या मामावर झाला. द्राक्षांच्या ऐन हंगामात, एका रविवारी सकाळी दहा वाजता, सांगलीतल्या एका सार्वजनिक सभागृहात झाला. तो त्याच्या चित्रप्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. हॉल माणसांनी गच्च भरला होता, मामाची सगळी चित्रं भिंतींवर जागच्या जागी होती, आणि त्यातलं एकही चित्र कुणाला दिसत नव्हतं.

मी पत्रकं लिहिते. पाण्यासाठी, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्यांसाठी, बाजारातल्या बायकांच्या मुतारीसाठी. संघटनेत आल्या आल्या मला शिकवलं गेलं की पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला ते सांग, दुसऱ्या ओळीत कधी झाला ते सांग, तिसऱ्या ओळीत कुणी केला ते सांग आणि घाबरू नकोस. मामाचं पत्रक मी कितीदा तरी लिहायला घेतलं. दर वेळी तिसऱ्या ओळीपाशी अडकले. म्हणून आता पत्रकाचा नाद सोडलाय. जे झालं ते झालं तसं लिहिते.

मामा रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातला. फौजेत हवालदार होता. तिथं गाड्यांवरचे नंबर आणि युनिटच्या पाट्या रंगवायचं काम त्याच्याकडं असायचं, त्यामुळं ब्रश धरायला हात बसलेला. पेन्शनीवर घरी आला आणि गोठ्याशेजारच्या खोलीत कॅनव्हास ताणून बसला. गावाला आनंद झाला. फौजी माणूस चित्रं काढतोय म्हटल्यावर बर्फातला जवान निघणार, तिरंगा निघणार, शाळेच्या व्हरांड्यात लावता येईल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मामानं म्हैस काढली. गुलाबी. डोळ्याला गॉगल, पायात स्लिपर, एसटी स्टँडच्या बाकड्यावर पायावर पाय टाकून बसलेली आणि शेजारच्या माणसाच्या पेपरात डोकावणारी.

गावातले लोक खोलीच्या दारात गोळा झाले. शेजारचा एक जण म्हणाला, "म्हस गुलाबी कुठं असती व्हय रं?"

मामा ब्रश धूत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या डोळ्याला काळी दिसती, त्याला म्हस काय करंल?"

मग कोंबड्यांची परेड घेणारा कोंबडा आला, आणि रांगेतली एकच कोंबडी उलट्या दिशेला तोंड करून मजेत चाललेली. उसाच्या ट्रॉलीवर बसून ऊस सोलणारा जांभळा हत्ती आला आणि त्याच्या मागं चप्पल उगारून पळणारा मालक. हळदीच्या ढिगाऱ्यावरून पदर खोचून घसरगुंडी खेळणाऱ्या म्हाताऱ्या आल्या. ते चित्र इतकं पिवळं आहे की खोलीत दिवा लावायची गरज नाही. द्राक्षाचा घड फुग्यासारखा धरून घराघरांवरून उडत जाणारा पोस्टमन आला. सगळं ॲक्रिलिकमध्ये. मामाला ते आवडायचं कारण ते लवकर वाळतं. "च्या पिऊन येईस्तवर गडी तयार," म्हणायचा.

मी एकदा विचारलं, "मामा, तू फौज का काढत नाहीस?"

"ती बघून झालीया की, पोरी," तो म्हणाला. "आता हे बघायचंय."

आता मामीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं फौजेतून परत आलेला माणूस घरी बसत नाही. पुण्याला जातो आणि कुठल्या तरी सोसायटीच्या गेटवर उभा राहतो. गल्लीतले सगळे तसेच गेले. गावातलाच एक माजी सुभेदार पुण्यात सुपरवायझर होता. त्यानं मामासाठी जागा धरून ठेवली होती आणि तो सारखे फोन करत होता. मामीच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती दुष्ट नाही. बाकीच्या बायकांचे नवरे कामावर आणि आपला गोठ्याशेजारी कोंबड्या रंगवतोय, हे तिला रोज नळावर ऐकावं लागायचं. हसणाऱ्यांना उत्तर काय द्यायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

भांडण लागलं की मामी म्हणायची, "आवं, एकट्यानं रंगवायचं, एकट्यानं बघायचं, ह्याला काय म्हणायचं?"

म्हणून मी मध्ये पडले. म्हटलं, मी सांगलीत प्रदर्शन भरवते. शुक्रवार, शनिवार, रविवार. लोक येतात का बघू.

मामी माझ्याकडं बघून म्हणाली, "लोकं बघाय आली तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई आली, तर ह्यांनी बॅग भरायची. चालंल?" मग मामाकडं वळून, "चालंल का?"

"चालंल," मामा म्हणाला. फौजी माणूस. शब्द दिला म्हणजे दिला.

रविवारी गल्लीतल्या बायका घेऊन आपण स्वतः येऊ, आपल्या डोळ्यांनी बघू, असंही ती म्हणाली. मला वाटलं, अर्धं काम झालं. पत्रकं वाटली, कॉलेजच्या पोरींना मेसेज टाकले, भाजीबाजारात सांगितलं. गुरुवारी टेम्पोतून चित्रं आली. मामानं ती स्वतः टांगली. तारेची अशी गाठ मारली होती की भूकंप झाला तरी म्हैस हलली नसती. सगळ्यात मोठी तीच, म्हणून व्यासपीठामागच्या भिंतीवर मधोमध तिला जागा दिली.

शुक्रवारी सकाळी मामा निळा ब्लेझर घालून, मेडल लावून दारात उभा होता. दाराला लाल फीत. उद्घाटनाचे पाहुणे वाटेत होते. पंधरा-वीस माणसं आधीच आली होती आणि फितीच्या अलीकडून माना उंच करून आत बघत होती. एका बाईला कोंबड्यांची परेड दिसली आणि ती शेजारणीला कोपर मारून हसली. ते हसू मी बघितलं, मामानंही बघितलं. त्यानं ब्लेझरचं बटण उगीच सोडून परत लावलं.

तेवढ्यात फोन वाजायला लागले. एकाचा, मग सगळ्यांचेच. आमच्या भागातले एक फार जुने पुढारी पहाटे दवाखान्यात वारले होते. पाहुणे निम्म्या रस्त्यातून माघारी वळले. फितीपुढं उभी असलेली माणसं क्षणभर घुटमळली. फीत कापलेली नाही, आत जायचं कसं? मी म्हटलं, "मामा, तूच काप." तो म्हणाला, "आपल्याच हातानं आपली फीत कापायची? असं कवा बघितलंस?" तोवर रस्त्यावरची शटर खाली यायला लागली होती. ती बाई पण गेली.

शुक्रवार गेला. शनिवारी सगळं बंद. कुणी सक्ती केलेली नव्हती हे मी मुद्दाम लिहिते. कुणी दगड मारले नाहीत, कुणी दमदाटी केली नाही. आणि गेलेला माणूस वाईट असता तर निदान माझी सोय झाली असती. पण आमचं निवेदन घ्यायला ते पायऱ्या उतरून उन्हात यायचे आणि सगळं वाचायचे. इतकं तर आमच्या संघटनेतलेसुद्धा वाचत नाहीत. त्यांच्यावर राग धरायला गेले आणि हाती काही लागलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सभागृहाचे व्यवस्थापक आले. उद्या सकाळी शोकसभा आहे, वरचा मोठा हॉल दुरुस्तीला काढलाय, तेव्हा सभा इथंच घ्यायचं ठरलंय, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

मी सुरू झाले. हॉल आम्ही घेतलाय. तीन दिवस आमचे आहेत. दोन तुम्ही खाल्ले, आता तिसराही खाणार. कलावंताची ही किंमत का? बरंच बोलले. आवाज चढला होता.

ते शांतपणे ऐकून म्हणाले, "ताई, तुमचं एकशे एक टक्का बरोबर हाय."

"मग?"

"मग काय? बरोबरच हाय की." आणि त्यांनी व्यासपीठामागं बोट दाखवलं. "पर तुमीच सांगा आता. सायबांचा फोटो तिथं ठेवायचा. हार घालायचा, समई लावायची. आन् त्यांच्या डोक्यावर ही? गॉगल लावून?"

मी म्हशीकडं बघितलं. म्हैस पेपर वाचत होती.

"चित्रं खाली उतरवू का?" ते म्हणाले.

"रातीत उतरणार न्हाईत," मामा म्हणाला. "गाठी सोडवाय अर्धा दिस लागंल, घाईनं तार कापली तर कॅनव्हास फाटतील." मग भिंतींकडं बघून, "चादरी हायत का?"

मी त्याच्यावर ओरडले. "मामा, तुझं प्रदर्शन आहे! उद्या मामी येणार आहे!"

"ठाव हाय मला."

"मग चादरी कसल्या मागतोस?"

"पलटणीत कोण गेलं की झेंडा खाली येतो," तो म्हणाला. "कोण हुता, कसा हुता, आज माझा वाढदिवस हाय, असं कोण म्हणत न्हाई. खाली म्हंजे खाली."

मंडपवाल्याकडून पांढऱ्या चादरी आल्या. मामानं एकेक चित्र झाकलं. बराकीतली खाट लावावी तशी चादर ताणली, कोपरे दुमडले, मागं पिना मारल्या. एक सुरकुती ठेवली नाही. मी नुसती बघत उभी. एक हळदीच्या म्हाताऱ्यांचं चित्र तेवढं व्यवस्थापकांनी झाकलं, ते मात्र ढिलं झालं. शेवटी त्यांनी दाराची लाल फीत हळूच सोडली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "कापाय नको," म्हणाले. "पुन्हा कामाला यील."

मामीला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगावं, असं मला वाटलं होतं. मामा म्हणाला, नको, सभा तासाभरात आटपेल, ती यायच्या आत चादरी काढू, ती निवांत बघेल. त्याचं म्हणणं मला पटलं. पुढचा सगळा हिशेब आम्ही त्या एका तासावर बांधला.

रविवारी दहा वाजता सभा सुरू झाली. जमिनीवर सतरंज्या, एकीकडं पुरुष, एकीकडं बायका. शहरातल्या मोठ्या मोठ्या माणसांनी भाषणं केली. एवढी गर्दी मी पत्रकं वाटून जन्मात जमवली नसती. मामा मागच्या भिंतीला टेकून, हात मागं बांधून उभा होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ही सगळी माणसं चित्रांपासून हातभर अंतरावर बसली आहेत.

पंख्याच्या वाऱ्यानं ती ढिली चादर हलत होती. तिच्या खालून दोन म्हाताऱ्यांचे पिवळेधम्मक तळपाय दिसायचे आणि झाकले जायचे. त्या चित्राशेजारी मिरजेकडचा वाटणारा एक वयस्कर माणूस बसला होता, खांद्यावर टॉवेल, धोतर. त्यानं ते पाय बघितले. इकडंतिकडं बघितलं. बोटाच्या टोकानं चादर जराशी उचलली आणि आत डोकं घातलं. मग एकदम टॉवेल तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते. बाजूच्याला वाटलं, म्हातारा रडतोय. त्यानं त्याची पाठ थोपटली.

दोन मिनिटं शांतता झाली, सभा संपली, आणि मी धावत त्या माणसाला पायरीवर गाठलं. "काका, चित्र बघितलंत ना? कसं वाटलं?"

त्यानं मला आपादमस्तक बघितलं. त्याचे डोळे अजून ओले होते. "आज न्हाई बाई बोलायचं त्यावर," म्हणाला. "आज न्हाई हसायचं. लय हसू यायलंय, पर आज न्हाई."

"मग उद्या या."

"उद्या असतंय का?"

उद्या नव्हतं. उद्यापासून त्या हॉलमध्ये साड्यांचा सेल होता.

मी परत आत वळले तेव्हा मला मामी दिसली. मला वाटलं आत्ता आली. पण ती बायकांच्या सतरंजीवरून उठत होती. जीप करून आलेल्या, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या तिच्या आठ-दहा बायका तिच्यामागं, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सभा सुरू झाल्यावर त्या पोहोचल्या होत्या. दारातून आत बघितलं तर फोटो, समई, पांढऱ्या चादरी. दुखवट्याच्या ठिकाणी दारापर्यंत येऊन मागं फिरणं बरं दिसत नाही, म्हणून त्या आत येऊन बसल्या. जे गेले त्यांना त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. तरी एकीनं डोळे पुसले होते.

"मामी!" मी म्हटलं. "थांबा, आता चादरी काढतोय."

तिनं मानेनं नाही म्हटलं.

"अगं, पाच मिनिटं."

त्यांच्यातली एक म्हातारी पुढं झाली. "आगं पोरी, दुखवट्याला बसलो आमी. आता हितनं सरळ घरी जायचं, पाय धुवायचं. मधी काय बघायचं नसतं, कुणाकडं थांबायचं नसतं. तुला कोण सांगितलं न्हाई व्हय?"

"पण तुम्ही प्रदर्शनाला आला होता!"

"आलो हुतो," म्हातारी म्हणाली. "पर बसलो दुखवट्याला."

यावर काय बोलायचं? हे मी तुम्हाला विचारते. मी अंधश्रद्धेवर भाषणं दिली आहेत. टाळ्या घेतल्या आहेत. त्या बाईसमोर मला एवढंच दिसलं की ती चुकीचं वागत नाहीये, ती तिला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं वागतेय. तीन तास जीपमध्ये अवघडून आलेली बाई, परक्या माणसासाठी, पाण्याचा घोट न घेता तशीच परत निघाली होती.

मामा मागच्या भिंतीपासून दोन पावलं पुढं आला. मामीनं त्याच्याकडं बघितलं. पण दुखवट्यातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. ती काहीच न बोलता निघाली. सगळ्या बायका तशाच, एकामागं एक. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मी चादर ओढायला गेले तर मामानं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे आता," म्हणाला. "कुणाला दावायचं?" आणि तो पिना काढायला लागला, एकेक, डबीत ठेवत.

सोमवारी चित्रं गावाला पोचवायला मी टेम्पोबरोबर गेले. मामी चुलीपाशी होती. मी तयारी करूनच गेले होते. लोक आले होते, हॉल भरला होता, एक माणूस तर तोंडात टॉवेल कोंबून हसला, असं सगळं मुद्देसूद सांगितलं.

मामीनं ऐकून घेतलं. "मी हुते की तिथं," म्हणाली. "बघाय कोण आलं नव्हतं."

"चादरी होत्या म्हणून!"

"चादरी कुणी घातल्या?"

मी बोलणार त्याआधीच मामा दारातून म्हणाला, "म्या घातल्या."

"मग?"

भाकरी तव्यावर फुगली, मामीनं ती उलटली. तिचा आवाज जिंकल्याचा नव्हता. तिला मनातून वाटत असावं की कुणीतरी आपल्याला खोटं पाडावं. मी पाडू शकले नाही. शब्द दिलेला माणूस दारात बसून भाकरीची वाट बघत होता.

पुढच्या आठवड्यात तो पुण्याला गेला. मी त्याला मध्यंतरी भेटून आले. आकाशी शर्ट, गळ्यात शिट्टी. गाडी आली की दांडा वर करतो, गाडी गेली की खाली करतो. मी विचारलं, "सुट्टीत काही काढतोस का?" तो म्हणाला, "सुट्टीत झोपतो गं." मग म्हणाला, "लोकं चांगली हायत हितली." मी काही विचारलंच नव्हतं त्याबद्दल. बसस्टॉपपर्यंत रडत आले आणि रडताना राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. व्यवस्थापकांवर? त्यांनी परवाच दुसरी तारीख मिळते का बघतो म्हणून आपणहून फोन केला होता. मिळाली नाही, पण केला होता. म्हातारीवर? गेलेल्यांवर? मामावर? सगळे चांगले वागले, आणि सगळ्यांनी मिळून एका माणसाचं चित्र काढणं बंद केलं.

मी मामीला परत गाठलं. म्हटलं, समजा लोक आता आले, घरी येऊन बघून गेले, तर? तुझा शब्द अजून आहे का?

तिनं गोठ्याकडं बघितलं. "माझ्या शब्दाला काय झालंय?" म्हणाली. "येऊ देत की लोकं. मी कुठं नको म्हनलंय? पर येत्यात कुठं?"

तर आता तुमच्याकडं वळते. चित्रं रहिमतपूरजवळच्या त्या गोठ्याशेजारच्या खोलीत आहेत, किल्ली मामीकडं आहे. वाचून हळहळू नका. हळहळणारी माणसं मला भरपूर मिळाली, बरोबर आहे म्हणणारी त्याहून जास्त मिळाली. मला पायांवर चालत त्या खोलीत येणारी माणसं पाहिजेत. घरातल्यांना घेऊन या, शेजाऱ्यांना ओढून आणा, पोरांची परीक्षा असेल तर अभ्यास बुडवून आणा. आत उभे राहा, बघा, हसू आलं तर मामीला ऐकू जाईल इतकं हसा, आणि निघताना तिच्या तोंडावर सांगा की आम्ही बघायला आलो होतो. या रविवारी जमत नसेल तर पुढच्या रविवारी. पण कधी येताय ते मला आत्ता सांगा.